झाईत पहिला फोन कुणाला?

वादळाची बातमी सुरू झाली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: सरकार काय करतंय? प्रश्न रास्त आहे, पण मोघम आहे. मुंबईत बसलेल्याला सरकार म्हणजे मुख्यमंत्री, पालघरच्या बाजारात उभ्या असलेल्याला कलेक्टर. झाईच्या किनाऱ्यावर होडी वर ओढणाऱ्याला मात्र सरकार म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि पोलीस पाटील. तेव्हा प्रश्न जरा नेमका करून घेऊ. हवामान खात्याने इशारा दिला की झाईत पहिला फोन कुणाला जातो, आणि तो माणूस पुढे काय करतो?

झाई मुद्दाम निवडली आहे. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेला जिथे संपतो तिथलं हे गाव. पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका. तलासरी म्हटलं की डोंगर, वारली पाडे आणि अहमदाबादचा महामार्ग डोळ्यांपुढे येतो. झाई त्याच तालुक्यात, पण समुद्रावर, मच्छीमारांची. तालुक्याची कचेरी महामार्गाकाठी, जिल्ह्याची पालघरला, प्रांताची डहाणूला. आणि डहाणू-तलासरीच्या या पट्ट्याने गेल्या काही वर्षांत चक्रीवादळांचे इशारे, शेकडो भूकंपाचे धक्के आणि झिकाचा रुग्ण असं सगळं पाहिलेलं आहे.

१. दोन वाटांनी येणारा निरोप

भारतात आपत्तीसाठी देशभर लागू असलेला स्वतंत्र कायदा २००५ सालापर्यंत नव्हता. १९९३ चा लातूरचा भूकंप, २००१ चा भूजचा, २००४ च्या डिसेंबरातली त्सुनामी, एवढं झाल्यावर डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली होती, हेही विसरायला नको. त्याआधी आपत्ती म्हणजे महसूल खात्याचं काम होतं: दुष्काळ पडला की खडी फोडायची कामं काढायची, पूर आला की धान्य वाटायचं. कायद्याने आधीच्या तयारीलाही सरकारी कर्तव्य ठरवलं.

या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक आणि आरोग्याचे प्रमुख. या प्राधिकरणाला मोठे अधिकार आहेत. रस्ता बंद करता येतो, शाळेची इमारत किंवा कुणाचा जेसीबी ताब्यात घेता येतो. ग्रामपंचायतीलाही कायदा सोडत नाही. आपले कर्मचारी तयार ठेवणं, साधनं सुस्थितीत ठेवणं, बांधकामं नियमाला धरून होतात का ते पाहणं आणि आपत्तीत मदतकार्य करणं ही स्थानिक संस्थांची कामं म्हणून त्यात नमूद आहेत.

आता फोनकडे येऊ. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून (त्याचा क्रमांक १०७७, तो पाठ असलेला बरा) निघालेला निरोप गावात दोन वाटांनी उतरतो. पहिली महसुलाची: कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल. दुसरी पंचायतीची: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, सरपंच. २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. गावात दोघंही अजून भाऊसाहेबच. पोलीस ठाण्यातून पोलीस पाटलाला फोन जातो तो वेगळाच.

म्हणजे पहिला फोन एकाला जात नाही, तिघा-चौघांना जातो. गंमत अशी की यात अडचणही आहे. तिघांना निरोप गेला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. म्हणून ज्या गावांत हे काम नीट चालतं तिथे मे महिन्यात एक साधी बैठक झालेली असते आणि कागदावर नावं लिहिलेली असतात: भोंगा कोण फिरवणार, शाळेची किल्ली कुणाकडे, होड्यांचा हिशेब कुणाकडे.

दुसरी गोष्ट अंतराची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, आपल्याकडची बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. वादळाचा अंदाज दोन दिवस आधी असतो, तेव्हा तिच्या तुकड्या अगोदरच डहाणू-पालघरात येऊन थांबतात. न सांगता येणाऱ्या संकटात मात्र त्यांना पोचायला कित्येक तास जातात. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली. तीन मुली गेल्या. बाकीची मुलं वाचली, कारण आसपास मासेमारीच्या होड्या होत्या आणि त्यांनी मुलांना पाण्यातून ओढून घेतलं. तटरक्षक दल आणि पोलीस आले, पण पहिली मिनिटं मच्छीमारांची होती.

२. निसर्ग: जे वादळ इथे आलंच नाही

चक्रीवादळाचा इशारा टप्प्याटप्प्याने येतो. साधारण तीन दिवस आधी हवामान खातं नुसती चाहूल देतं, ४८ तास आधी सावध करतं, २४ तास आधी कुठे-कधी धडकेल ते सांगतं. सोबत रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. लोक लाल रंगाला पावसाचं माप समजतात. खरं तर तो यंत्रणेला दिलेला हुकूम असतो.

कोळीवाड्यांत या रंगांपेक्षा जुनी भाषा चालते, बावट्याची. बंदरावर एक किंवा दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन नंबर लागला की धोका आपल्याच बंदराला, वारा सुटणार. "तीन नंबर लागलाय" एवढं ऐकलं की तांडेल होडी बाहेर काढत नाही. रात्री हेच इशारे दिव्यांनी देतात.

पण जी होडी आधीच बाहेर गेली आहे तिचं काय? ती गेली आहे हे तहसीलदाराला कळणार कसं? याचं उत्तर मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतं. होडीची नोंद, डिझेलचा कोटा आणि समुद्रात जाताना घ्यायचं टोकन, यांतून कोण आत आणि कोण बाहेर याचा हिशेब राहतो. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी इशारा आला की आधी संस्थेला फोन लावतो. अलीकडे होड्यांवर उपग्रहाशी जोडलेली ट्रान्सपॉन्डर यंत्रं बसवायची योजना आली आहे, देशभरात १ लाख होड्यांसाठी. तिचं उद्घाटन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झालं, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की संपते, त्यापुढे हे यंत्र उपयोगी.

या हिशेबात एक भोक आहे आणि ते झाई-डहाणूकडच्या माणसाला चांगलं ठाऊक आहे. इथली कितीतरी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून सौराष्ट्रात जातात, ओखा-पोरबंदर-वेरावळकडे. वादळ आलं की झाईच्या संस्थेच्या वहीत त्यांचं नाव नसतं, कारण बोट तिकडची. बायको इकडे फोन लावत बसते. गावाने स्वतःची अशी वही ठेवली, कोण कुठल्या बोटीवर गेला त्याची, तर ती कुठल्याही सरकारी नमुन्यात बसणार नाही. पण उपयोग तिचाच होईल.

आता २०२० चा जून. ३१ मेच्या सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. अंदाज आला: ३ जूनला हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये वादळ किनाऱ्यावर येईल. नकाशा काढून पाहा. हरिहरेश्वर रायगडच्या दक्षिण टोकाला, दमण झाईच्याही उत्तरेला. मध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचा किनारा. वादळाच्या वाटेचा अंदाज म्हणजे एक रेघ नसते, एक पट्टा असतो, आणि वेळ जवळ येईल तसा तो अरुंद होतो. पण माणसं हलवायला एक दिवस तरी लागतो. म्हणून पट्टा रुंद असतानाच निर्णय घ्यावा लागतो.

तसा तो घेतला गेला. पालघर जिल्ह्याच्या किनारी गावांतून हजारो माणसं हलवण्यात आली. करोनाचे दिवस होते. एका शाळेत शंभर माणसं ठेवायची म्हटलं तर अंतर कसं राखायचं, हा नवाच प्रश्न होता. २ जूनला वादळाचं 'निसर्ग' असं बारसं झालं आणि ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागाची दैना झाली. झाई त्या जागेपासून दीडशे किलोमीटरहून लांब. इथे लोक गाठोडी उचलून घरी परतले.

इथेच स्थानिक शासनाची खरी परीक्षा सुरू होते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एकदा हलवलं आणि काही झालं नाही, तर पुढच्या वेळी माणूस उठेल का? जाताना कोंबड्या, शेळ्या, वाळत घातलेली मासळी, दार नीट न लागणारं घर, हे सगळं सोडून जायचं असतं. नेमकं पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि रात्री दीव-ऊनाजवळ गुजरातेत शिरलं. या वेळीही थेट धडक नव्हती, पण वारा होता, वीज गेली, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या बागांत फळांचा सडा पडला. मे महिना म्हणजे मासेमारी बंदी सुरू व्हायच्या आधीचे दिवस. बंदी १ जूनला लागते, म्हणून होड्या अजून कामावर होत्या.

लोकांना पुन्हा उठवायचं तर आदेशापेक्षा सोय कामी येते. शाळेत संडास चालू आहे का, बायकांना वेगळी खोली आहे का, शेळी बांधायला जागा आहे का, घरावर नजर ठेवायला कुणी मागे राहणार आहे का. कायद्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. एखाद्या आजीबाईंना त्या कलमाची भीती घालून कुणी शाळेत नेलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांना शाळेत नेतात त्या अंगणवाडी सेविका, कारण त्यांच्या शब्दावर विश्वास असतो.

३. न संपणारा भूकंप

वादळ येतं आणि जातं. नियमावल्या याच हिशेबाने लिहिलेल्या असतात: आधी, दरम्यान, नंतर. नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीत सुरू झालेल्या धक्क्यांनी हा हिशेब मोडला. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या भागात जमीन हलायला लागली आणि महिनोन्‌महिने हलत राहिली. हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने तिथे यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की माणसाला न जाणवणारे धक्के तर हजारोंनी होताहेत.

नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का असतो आणि मागाहून छोटे छोटे. इथे तसं नव्हतं. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं चाललं होतं: आता एक, मग चार, मग जरा शांतता, पुन्हा एक, आणि यातली मोठी कुठली ते सांगता येत नाही. याला भूकंपमालिका म्हणतात. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेले खडक सरकतात, असा शास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. धक्के उथळ असल्याने लहान असूनही त्यांचा आवाज मोठा, जमिनीखाली सुरुंग उडवल्यासारखा. माणसं घाबरत ती हलण्यापेक्षा आवाजाला.

किती मोठे होते हे धक्के? इथे एक छोटं गणित करू. रिश्टरचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. डहाणूच्या मालिकेतला एक मोठा धक्का १ फेब्रुवारी २०१९ चा, ४.१ चा. लातूरचा भूकंप सुमारे ६.२ चा. फरक २.१ अंकांचा. दोन अंकांचे ३२ गुणिले ३२ म्हणजे हजारापेक्षा थोडे जास्त, वरच्या ०.१ चे आणखी थोडे. एकूण लातूरचा धक्का जवळपास १४०० पट ताकदीचा. म्हणजे डहाणूचे धक्के लहानच. तरीही १ फेब्रुवारीला धक्क्याच्या गडबडीत बाहेर धावताना पडून हळदपाड्यात एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्याच वर्षी जुलैत घर कोसळून एक माणूस गेला.

या आकड्यांकडे पाहिलं की काम कुठे करायला हवं ते कळतं. जमीन थांबवता येत नाही, घर सुधारता येतं. वारल्यांचं कुडाचं घर, कारवीच्या काठ्या विणून वर शेणमाती लिंपलेलं, हलतं पण सहसा माणसावर कोसळत नाही. धोका जास्त तो नुसत्या विटांच्या भिंती उभ्या करून वर पत्रा किंवा कौलं टाकलेल्या घराला. दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून घेणारी सळईची काँक्रीटची पट्टी नसली, की धक्क्याने भिंती एकमेकींपासून सुटतात. गवंडी ही पट्टी पैसे वाचवायला गाळतो. घरकुलाच्या हप्त्याबरोबर ती पट्टी झाली की नाही हे पाहणारा माणूस ग्रामपंचायतीचा किंवा पंचायत समितीचा असतो. 'बांधकामं नियमाला धरून' या कायद्यातल्या कोरड्या ओळीचा अर्थ एवढाच.

प्रशासनाने तेव्हा काय केलं? एनडीआरएफची तुकडी आणली, तंबू वाटले, शाळांत मुलांना टेबलाखाली बसायचं, डोकं झाकायचं शिकवलं, वर्ग उघड्यावर भरवले. थंडीत लोक घराबाहेर झोपत होते. हिवाळ्यासाठी तंबू हा उपाय ठीक होता. पण जून आला, आणि या भागातल्या पावसात कापडी तंबूत राहता येत नाही. लोक त्याच तडे गेलेल्या घरांत परतले. जुलैतला मृत्यू त्या दिवसांतला. माझ्या मते पहिल्या महिन्यानंतर तंबूंवरचा भर कमी करून भिंती बांधून काढण्यावर तो द्यायला हवा होता. पावसाळा कधी येणार हे तरी भूकंपासारखं अज्ञात नव्हतं.

४. आश्रमशाळेतला ताप

जुलै २०२२ मध्ये झाईचं नाव राज्यभर वर्तमानपत्रांत आलं ते वेगळ्याच कारणाने. इथल्या आश्रमशाळेतल्या सात वर्षांच्या मुलीला झिकाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. राज्यातला हा दुसरा रुग्ण; पहिला आदल्या वर्षी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता.

झिका एडिस डासामुळे पसरतो, डेंग्यूवाल्याच. हा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो: पिंप, टाकी, फुटका टायर, कुंडीखालची ताटली. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची, म्हणजे चक्र तुटतं. सांगायला सोपं. ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या बाईला पिंप ओतून टाक म्हणणं मात्र सोपं नाही.

झिकाचा ताप बहुतेकांना सौम्यच येतो. काळजी गर्भवतींची, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे अशा वेळी गावाला पहिली गरज गर्भवतींच्या यादीची. ती नव्याने करावी लागत नाही. आशाताईंकडे ती असतेच, लसी आणि तपासण्यांसाठी केलेली. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपत्तीत उपयोगी पडणाऱ्या बहुतेक याद्या आपत्तीसाठी केलेल्या नसतात. रेशनची यादी, अंगणवाडीची यादी, संस्थेची टोकनवही, निराधार पेन्शनची यादी. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत हे पेन्शनच्या यादीवरून कळतं, जिल्हा आराखड्यावरून नाही.

कामाची वाटणी कशी गुंतागुंतीची असते तेही इथे दिसतं. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत, आरोग्य उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, गटार आणि पाणी ग्रामपंचायतीचं, तपासणी पुण्याच्या विषाणू संस्थेत. आणि पेशंटला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर झाई-तलासरीकडची माणसं बरेचदा वापी किंवा सिल्वासाची वाट धरतात, कारण ते जवळ पडतं. जिल्ह्याच्या आराखड्यातला नकाशा मात्र राज्याच्या सीमेवर संपतो.

५. पंचनामा

संकट ओसरलं की तलाठी वही घेऊन येतो. दोन पंच, सह्या, घरमालकाचा जबाब, आता मोबाइलवर फोटोही. पंचनामा हा मदतीचा दरवाजा आहे. तो झाला नाही तर पुढे काही हलत नाही. घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर 'अंशतः', पीक ३३ टक्के गेलं तर नुकसान, असे उंबरठे ठरलेले आहेत. मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख रुपये.

भूकंपमालिकेत हे उंबरठे विचित्र वागतात. भिंतीला नोव्हेंबरात केसाएवढा तडा गेला, डिसेंबरात बोटाएवढा झाला, फेब्रुवारीत कोपरा सुटला. कुठल्या धक्क्याचा पंचनामा करायचा? प्रत्येक वेळी नुकसान उंबरठ्याखाली, सगळं मिळून मात्र घर राहण्यालायक नाही.

मच्छीमाराचं गणित आणखी वेगळं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण मोडलेल्या होडीला १५ हजार रुपये आणि पूर्ण गेलेल्या जाळ्याला ४ हजार. राज्य सरकार मोठ्या वादळांनंतर याहून जास्त दर जाहीर करतं, तरी फायबरची साधी होडी आणि तिचं मशीन काही लाखांच्या घरात जातं. हे पैसे नुकसानभरपाई म्हणून दिलेले नसतात, चूल पेटती राहावी म्हणून दिलेले असतात. होडीची भरपाई हवी तर विमा हवा, आणि त्याचे हप्ते वादळ नसतानाच भरावे लागतात.

राहता राहिला ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा. तलासरी आणि डहाणू दोन्ही अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अशा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. वित्त आयोगाचा पैसा वेगळा. शाळेच्या छपराची दुरुस्ती, किनाऱ्यावर सौर दिवा, हातभोंगा, होडीवर फेकायच्या दोरांचा संच, पाड्यावरच्या विहिरीला कठडा: यातलं काहीच लाखो रुपयांचं नाही.

अडचण तारखांची आहे. पावसाळ्याआधीच्या आढावा बैठका मे महिन्यात होतात, तेव्हा सगळ्यांना भोंगा आणि छप्पर आठवतं. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा मात्र २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या ग्रामसभांत ठरतो, पाऊस संपून भात कापणीला आलेलं असतं तेव्हा. मे महिन्यात जे हवं असेल ते आदल्या ऑक्टोबरात हात वर करून मागावं लागतं, आणि नोंदवहीत लिहून घेतलं की नाही हे भाऊसाहेबांच्या शेजारी उभं राहून बघावं लागतं.